ताणावरचा बगीचा

वर्दी उतरवून फार दिवस झाले नाहीत, तरी नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. रामाकोन्याजवळच्या संत्र्याच्या बगीच्यातली केस मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यापुढे उभी राहते. नावं कुणाचीच सांगणार नाही. पण केसच्या आधी त्या घराबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

दोन खोल्यांचं टिनाचं घर. बाप लहानपणापासून दुसऱ्यांच्या बगीच्यात राबलेला. आळी करणं, वखरणी, झाडाच्या बुंध्याला बोर्डोचा लेप लावणं, हेच त्याचं आयुष्य. आई सौंसरच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. कापसाची कसर छातीत बसली आणि एका हिवाळ्यात ती जी खोकत घरी बसली ती पुन्हा कामावर गेली नाही. एकच मुलगी. तिनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला तेव्हा वस्तीतले लोक हसले, म्हणाले पोरगी का आता खांबावर चढन. घरात सायकल एकच होती, ती बापानं मुलीला देऊन टाकली आणि स्वतः दोन वर्षं बगीच्यापर्यंत पायी गेला. घरात एक बल्ब होता, प्लगपॉइंट नव्हताच. वायरिंगचा सराव करायला मुलीनं भिंतीवर कोळशानं अख्खा स्विचबोर्ड काढला होता. तो मी पाहिला आहे. त्यातली एकही लाईन चुकीची नव्हती, असं त्याचा फोटो पाहून आमच्या पोलीस ठाण्याची वायरिंग बघणाऱ्या इलेक्ट्रिशियननं मला सांगितलं.

मी पण अशाच घरचा. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए.ची मार्कशीट घरी आणली तेव्हा वडिलांनी हात धुतले, कागद घेतला आणि विचारलं, सरळ कोणत्या बाजूनं धरायची. ते पण संत्र्याच्या बगीच्यात रोजीनं जात. म्हणून पुढे माझ्याकडून जी चूक झाली ती मला जास्त लागली.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. घराजवळची बदली मिळाली होती. मध्य प्रदेशातला हा पांढुर्णा जिल्हा नवा, कायदेही नवे, जुनी कलमं तोंडातून जात नव्हती आणि नवी बसत नव्हती. बत्तीस वर्षं रोजनामचा हिंदीत लिहिला, पण शिव्या आणि हिशेब दोन्ही मराठीतच राहिले.

त्या हिवाळ्यात रामाकोन्याच्या अलीकडे एका बगीच्यात मोठ्या शहरातल्या लोकांनी कलेचं प्रदर्शन मांडायला घेतलं. बगीच्याचा मालक नागपूरला राहायचा, त्यानं दोन महिन्यांसाठी जागा दिली. आम्ही पोलीस बंदोबस्ताच्या निमित्तानं आधीच बघून आलो होतो. झाडांच्या ओळींमध्ये पितळेच्या पायांच्या आरामखुर्च्या, काळ्या दगडाचं एक बाक ज्यावर बसलं की ते घुमायचं, काचेची एक भिंत ज्यात मागचा डोंगर उलटा दिसायचा. ठाण्यात लेखी काम बघणारा आमचा मुंशी परत येताना जीपमध्ये म्हणाला, "साहेब, झाडाखाली सोफा ठेवला न् म्हणते बघा. आमच्या घरी पलंग झाडाखालीच असते, कोणी बघाले येत नाही." मी त्याला गप्प केलं, पण हसू मलाही आलं.

प्रदर्शनातली मुख्य गोष्ट म्हणजे धुकं. झाडांच्या चार ओळींमध्ये जमिनीलगत पाइप टाकले होते, त्याला चाळीस पितळी नोझलं, वर सोन्याचा मुलामा, परदेशात हातानं घडवलेली. माणूस जवळ गेला की सेन्सर त्याचा श्वास ओळखणार आणि तेवढंच धुकं सोडणार, त्यात रंगीत उजेड. हे सगळं बसवायला त्यांनी आसपासचे काही कारागीर घेतले होते, आणि त्यात ती आयटीआयवाली मुलगी होती. सेन्सरच्या तारा तिनंच ओढल्या, आणि आठवडाभर धुक्याच्या चाचण्या चालू होत्या. शहरातून आलेले इंजिनिअर तिचं काम बघून खूश होते, असं नंतर कळलं.

रविवारी उद्घाटन होतं. बुधवारी सकाळी प्रदर्शनाचा व्यवस्थापक टाइप केलेला अर्ज घेऊन ठाण्यात आला. चाळीसच्या चाळीस नोझलं गायब. मुंशीनं अर्ज वाचून विचारलं, "म्हणजे फवाऱ्याच्या तोट्या न्?" व्यवस्थापकाला ते आवडलं नाही. तासाभरात वरून दोन फोन आले. पाहुणे मोठे येणार होते. गुन्हा आजच दाखल करा, स्थानिक कामगारांपैकीच कुणीतरी आहे, असा व्यवस्थापकाचा आग्रह.

गुन्हा नोंदवण्याआधी मी एसडीओपी साहेबांकडून, म्हणजे उपविभागाच्या पोलीस अधिकाऱ्यांकडून, प्राथमिक चौकशीची परवानगी घेतली. नव्या कायद्यात तशी सोय आहे आणि मला ती त्या दिवशी फार उपयोगी पडली. त्याचं कारण माझ्या टेबलावरच पडलं होतं. त्याच मुलीचा चारित्र्य पडताळणीचा कागद. वीज खात्यात तंत्रज्ञाच्या जागेवर तिची निवड झाली होती. ठाण्याचा शेरा गेला की नियुक्ती. आणि शेऱ्याच्या रकान्यात गुन्हा दाखल असं लिहिलं गेलं असतं, तर ती जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. कामगारांच्या यादीत तिचं नाव वाचलं तेव्हाच मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

घटनास्थळी गेलो. बगीच्यात फिरताना एक गोष्ट दिसली, झाडं मलूल होती. पानं गुंडाळली गेलेली, काही पिवळी पडून खाली सांडलेली. मनात म्हटलं, काय दुर्लक्ष करून ठेवलं आहे लोकांनी, एवढा चांगला बगीचा. नोझलं जिथून काढली तिथे पाइपाच्या तोंडात बाभळीच्या तासलेल्या खुंट्या बसवल्या होत्या, प्रत्येक खुंटी कापूस गुंडाळून घट्ट केलेली. चाळीस खुंट्या. पाणी ठिपकतसुद्धा नव्हतं. मला वाटलं चोरी लक्षात आल्यावर यांच्याच माणसांनी लावल्या असतील. विचारलं नाही. पंचनाम्यात मात्र लिहून घेतलं, ही जुनी सवय.

नऊ जणांची विचारपूस केली. सगळ्यांच्या गळ्यात प्रदर्शनाचं ओळखपत्र होतं. कुणाला काही माहीत नव्हतं.

दुपारी बोरगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून माझ्या खबऱ्याचा फोन. मंगळवारी सकाळी ती मुलगी खांद्यावर जड पिशवी घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढली, पिशवीत लोखंडासारखं वाजत होतं, आणि काल-आज कामावर गेलेली नाही. खबऱ्यानं आपल्याकडून जोडून दिलं, "पांढुर्ण्यात भंगारवाले कमी हायेत का जी?" माहिती चोख होती. खबऱ्याची माहिती बहुतेक वेळा चोखच असते, आपण तिचा अर्थ चुकीचा लावतो.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, हा नियम. बरेच जण पाळत नाहीत. मी महिला आरक्षकाला, म्हणजे ठाण्यातल्या महिला शिपायाला, घेऊन संध्याकाळच्या आधी तिच्या घरी गेलो. आई आतल्या खोलीत खोकत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली तो कोळशाचा स्विचबोर्ड. वडील दोन दिवसांपासून पांढुर्ण्याच्या बाजारात कुणाचा तरी माल घेऊन गेले आहेत, यायचेच आहेत, असं मुलगी म्हणाली. पिशवीबद्दल विचारलं तर तिनं खाटेखालून काढून दिली. पान्हे, पकड, टेस्टर, ड्रिल. काम संपलं म्हणून मंगळवारी पहाटेच हत्यारं उचलून आणली आणि तशीच मेडिकल तपासणीला पांढुर्ण्याला गेली, डॉक्टरचा कागद पण तिनं दाखवला. सगळं सरळ होतं. उठावं असं वाटत होतं.

तेवढ्यात माझं लक्ष दारातल्या पाण्याच्या ड्रमकडे गेलं. ड्रमला खाली भोक होतं आणि त्यात बाभळीची तासलेली खुंटी, कापूस गुंडाळून. मी ड्रमकडे बघितलं. वर बघितलं तर मुलगी माझ्याकडे बघत होती. 

"मीच काढले, साहेब," ती म्हणाली.

महिला आरक्षकानं पेन सरळ केलं.

"काहून?"

"पितळ होतं म्हणून."

"ठेवले कुठे?"

तिनं पिशवी बंद केली. मग म्हणाली, विकले. कुठे, तर पांढुर्ण्यात. कोणाला, तर आठवत नाही. मी विचारलं, चाळीस नोझलं या पिशवीत मावतील का, हत्यारांसकट?  बत्तीस वर्षांत खोटं नाकारणारे शेकड्यानं पाहिले. खोटं कबूल करणारे फार कमी, आणि ते सगळे कुणासाठी तरी करतात. मी विचारलं, "पोरी, तुझा एक कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, माहीत आहे न् तुले?"

"हो जी. माहीत आहे."

"तरीही हेच लिहू?"

"लिहा."

महिला आरक्षकानं लिहिणं थांबवलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत बाहेर चपला वाजल्या आणि बाप आत आला. खांद्यावर रिकामं पोतं, हातात मेथीची जुडी. जीप पाहून तो घाबरला असेल असं वाटलं होतं. उलट तो खूश झाला. त्याला वाटलं आम्ही पडताळणीला आलो.

"पोरीच्या कागदासाठी आले का जी? बसा, बसा. चहा मांड वं. लिहा साहेब, सोन्यासारखी पोरगी आहे. कोणाच्या घेण्यात नाही, देण्यात नाही. वस्तीत कोणालेही विचारा."

"बाबा, तुमी चूप राहा न्," मुलगी म्हणाली.

"काहून चूप राहू? चांगलं सांगून राहिलो तर."

मी सरळ विचारलं, "बगीच्यातले नोझल कुठे आहेत?"

"मोटारघरात, पंपाच्या कोठीत," तो म्हणाला, जणू मी खुरपं कुठे आहे असं विचारलं. "क्रेटमधी ठेवले, पेपरात गुंडाळून. मीच काढले सोमवारी सांजच्याला. बाजारातून आलो का मॅनेजर साहेबाले देतो म्हटलं, मायासंग कोठीची किल्ली आहे. का झालं?"

मुलगी खाटेवर बसली आणि तिनं तोंड ओढणीत घातलं. खुंट्या तिनं मंगळवारी पहाटे बगीच्यातच पाहिल्या होत्या आणि त्या कुणाच्या हातच्या ते तिला तेव्हाच कळलं होतं. बाप चोर नाही हेही तिला ठाऊक होतं. पण पोलिसांना ते पटेल यावर तिचा भरवसा नव्हता. बाजारात गेलेल्या बापाकडे मोबाइलही नव्हता.

"काढले कशाले पण?" मी म्हटलं.

आता तो माझ्याकडे असा बघू लागला की हा माणूस इथलाच आहे ना. "साहेब, झाडं ताणावर हायेत."

मला तिथल्या तिथे कानकोंडं झालं. फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात, महिना-दीड महिना. झाड तहानतं, पानं गळतात, आणि मग पाणी दिलं की फुलतं. मधेच ओल लागली तर झाड नुसती पालवी फेकतं, फूल येत नाही, वर्ष जातं. ताणात ड्रिपच्या नळ्या काढून, भोकं बंद करून, कोठीत ठेवतात. माझे वडील दरवर्षी हेच करायचे, मी त्यांच्यासोबत नळ्या गुंडाळल्या आहेत. आणि त्याच सकाळी मी त्या झाडांखालून गेलो होतो, गळलेली पानं बघितली होती, आणि मनात म्हटलं होतं दुर्लक्ष.

बगीचा त्याच्याकडे बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, होता. बहार गेला असता तर अर्धा तोटा त्याचाच झाला असता. त्यानं आधी व्यवस्थापकाला सांगितलं होतं, हे पण त्यानं तिथेच सांगितलं. "मी म्हटलं साहेब पाणी बंद करा, ताण तुटते. ते म्हणे हे पाणी नाही, आर्ट आहे. मी म्हटलं आर्ट असंन जी, पण मुळाले ओल लागून राहिली. मग मालकाले फोन लावला, ते म्हणे थोडंसं धुकं तर आहे, त्यानं का होते. आता झाडं मायाजवळ हायेत का मालकाजवळ? मंग काढून ठेवले. दरसाली काढतो तसे."

"मग आज नऊ जणांना विचारलं, तुमचं नाव कोणी कसं नाही घेतलं?"

"मले गळ्यातला पट्टा नाही देला न् त्याहीनं," तो म्हणाला. "त्याहीच्या हिशोबानं मी तिथं नसतोच."

बाप-लेकीला घेऊन बगीच्यात गेलो आणि बापाच्या किल्लीनं मोटारघर उघडलं. चाळीस नोझलं, मराठी-हिंदी वर्तमानपत्रांत एक-एक वेगळं गुंडाळलेलं, मुलाम्यावर ओरखडा नाही. पंचांसमोर मोजली. व्यवस्थापक तरीही हटेना. काढायचा अधिकार नव्हता, गुन्हा नोंदवा, म्हणत राहिला. मी त्याला समजावलं की चोरीला बेइमानीचा हेतू लागतो. वस्तू बगीच्याबाहेर गेली नाही, लपवली नाही, विचारताच सांगितली. तो म्हणाला मी वर बोलतो. मी म्हटलं बोला.

ज्या बाईंनी ते धुक्याचं काम रचलं होतं, त्या कलाकार बाई तेवढ्यात आल्या. त्या रागातच आल्या होत्या. मुलीच्या बापानं त्यांना काही समजावून सांगितलं नाही. कुदळ घेतली, एका आळ्यात हातभर खणलं, कोरडी पांढरी माती काढून त्यांच्या एका हातात दिली. मग धुक्याच्या ओळीतल्या झाडाखाली खणलं, काळी ओली माती दिली. मग फांदी खाली ओढून शेंड्यावरची नवी कोवळी पानं दाखवली. म्हणाला, "ये देखो बाई. पाणी पिया, पत्ता दिया. फूल नहीं देगा अब ये. फूल वो देता, जो तहान्या रहता." बाईंनी मला विचारलं तहान्या म्हणजे काय. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांतली माती बोटांनी चुरून पाहिली. मला वाटलं आता दम देतील. त्यांनी मुलीला हाक मारली आणि विचारलं, श्वास मोजणारे सेन्सर काढून जमिनीतली ओल मोजणारे लावता येतील का.

मुलगी अजून रडवेली होती. तिनं नाक पुसलं, पाइपाकडे बघितलं, ओळी मोजल्या आणि म्हणाली, "येतीन मॅडम. तारा त्याच राहतीन. फक्त दोन दिवस द्या आणि हे पाणी पुन्हा सोडू नका."

रविवारी उद्घाटन झालं. धुकं नव्हतं. झाडांमध्ये ओलीच्या सेन्सरला जोडलेले, सतत वाजणारे पितळेचे लांब दांडे टांगले होते आणि मातीतली ओल जसजशी कमी होईल तसतसा त्यांचा आवाज बारीक होत जायचा. पाहुणे त्या महागड्या खुर्च्यांवर बसून झाडाची तहान ऐकत होते. खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. आसपासचे बागायतदार यायला लागले, दांड्याला कान लावायचे आणि आपसात भांडायचे. एक म्हातारा ऐकून म्हणाला, ताण पुरा व्हायले अजून आठ दिवस लागतीन. दुसरा म्हणाला तुह्या कानात पाणी आहे, पंधरा लागतीन. व्यवस्थापक त्यांना कलाकृतीला हात लावू नका म्हणत फिरत होता. दारातल्या फलकावर बाईंच्या नावाखाली बापाचं आणि मुलीचं नाव लिहिलं होतं. बापाला गळ्यातला पट्टा पण मिळाला. तो त्यानं कोठीच्या किल्लीला बांधला.

तक्रार प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेनं लेखी मागे घेतली. मी चौकशी बंद करून अहवाल वर पाठवला. पडताळणीच्या कागदाचं तेवढं राहिलं होतं. एका वरिष्ठांनी आपुलकीनं सांगितलं, तुझ्या निवृत्तीला चार महिने राहिले, चौकशीत नाव आलेली मुलगी आहे, कागद प्रलंबित ठेव, पुढचा बघून घेईल. सल्ला चुकीचा नव्हता, सोपा होता. प्रलंबित म्हटलं की कुणाला काही होत नाही, फक्त समोरच्याची नोकरी जाते. मी शेऱ्यात सगळंच लिहिलं. चौकशी झाली होती, गुन्हा घडलेलाच नव्हता, मुलीनं वडिलांना वाचवायला खोटी कबुली दिली ती असत्य आढळली, आणि तिच्या चारित्र्याविरुद्ध या ठाण्यात काहीही नाही. खाली सही केली आणि कागद हातानं पोचवला, टपालावर सोडला नाही.

पोलिसाच्या नोकरीत विचारायला शिकवतात. कुणाला विचारायचं हे मात्र प्रत्येक केसमध्ये नव्यानं शोधावं लागतं, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. नऊ जणांना विचारलं आणि ज्याच्या हातून ती झाडं जगत होती त्याच्याकडे बघितलंही नाही. संशयिताच्या घरी गेलो नसतो, नियम मोडून मुलीला ठाण्यातल्या बाकावर बसवलं असतं, तर तो ड्रम मला दिसला नसता आणि बाप चहा मांड म्हणत आत आला नसता. कबुली घेऊन, गुन्हा उघडकीस आणला म्हणून शाबासकी घेऊन मी घरी गेलो असतो. डिग्रीचा मला अभिमान आहे, आजही आहे. पण शिकलेल्या माणसानंही झाडाखालून जाताना वर बघायला विसरू नये.

फेब्रुवारीत त्या बगीच्यात बहार फुटला. धुक्याच्या चार ओळी तेवढ्या हिरव्या पालवीनं भरल्या, बाकी सगळी झाडं फुलांनी. आणि मार्चमध्ये ती मुलगी पांढुर्ण्याच्या वीज उपकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून कायम नोकरीवर रुजू झाली.